शिंदीचा गाभा

"मामा, हाताशी एक शिंदी आणि कमरेला एक सुरी असली, तर माणूस रानात मरत नाही," असं माझा भाचा म्हणतो. पुण्याला असतो तो. सुट्ट्यांमध्ये कॉलेजच्या पोरापोरींना सह्याद्रीत नेतो आणि तंबूशिवाय, काडेपेटीशिवाय राहायला शिकवतो. येत्या मे महिन्यात त्याला असंच एक शिबिर आमच्याकडे घ्यायचं होतं. धामणगाव रेल्वेच्या शिवारातून जे नाले वर्धा नदीकडे उतरतात, त्यांच्या काठाने. आमच्याकडेच का, असं विचारलं तर म्हणाला, "तुमच्याकडे शिंदी आहे. रानात जगण्याची पुस्तकं पामच्या झाडांवर अख्खं प्रकरण लिहितात, आणि इथे ते झाड नाल्यानाल्यावर उभं आहे. कुणी त्याच्याकडे बघतही नाही."

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. बाकीच्यावर आमचा बराच वाद झाला. त्याची बाजू लंगडी नाही, म्हणून ती त्याच्याच शब्दांत सांगतो.

"एका झाडात काय नाही ते सांगा," तो म्हणाला. "झावळ्यांचं छप्पर होतं. पात्यांची दोरी होते, चटई होते, टोपली होते. झावळीच्या बुडाशी जी तंतूंची जाळी असते, ती वाळली की ठिणगी धरते. हिवाळ्यात खोडाला छेद दिला की गोड रस. उन्हाळ्याच्या शेवटी फळं. आणि काहीच नाही मिळालं तर शेंड्याचा गाभा आहेच, तो कच्चा खाता येतो. फ्लोरिडात सबल नावाचा पाम आहे. त्याचा गाभा तिथले लोक कोबीसारखा शिजवून खातात. त्या राज्याचं ते मानाचं झाड आहे, मामा."

"तू शेवटी सांगितलंस ते आधी घेऊ. गाभा काढल्यावर झाडाचं काय होतं?"

"मरतं. सबलसुद्धा मरतं. पण जीव वाचवायची वेळ आली तर..."

"जीव वाचतो का, तेच बघू."

कडुनिंब तोडला, तर बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. शिंदीचं तसं नाही. तिला वाढीचा कोंब एकच, आणि तो शेंड्याच्या आत, झावळ्यांच्या गर्दीत दडलेला. अरबी खजुराला बुडातून पिलं येतात, शिंदीला तीही येत नाहीत. कोंब गेला की खोड उभं राहतं, पण ते नुसतं सरपण असतं. आणि त्या कोंबापर्यंत पोचणं सोपं नाही. झावळीच्या दांड्यावर, खोडाजवळच्या भागात, पात्यांच्या जागी काटे असतात. बोटाएवढे लांब, टणक, टोकाला काळपट. ते एका रांगेत नसतात. कुणी वर रोखलेला, कुणी आडवा, कुणी खोडाकडे वळलेला. हात कुठूनही घाला, एक तरी काटा तुमची वाट बघत असतोच.

"आता हे काम वैशाखात करून बघ," मी त्याला म्हटलं. "अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कुऱ्हाडीने तासभर झावळ्या तोडल्यास तर अंगातलं किती पाणी जाईल? आणि हाती काय लागेल? पांढऱ्या गराचे चार घास. त्यात पोट भरण्यासारखं फार काही नाही. अन्नाशिवाय माणूस आठवडे काढतो. आमच्या उन्हात पाण्याशिवाय दोन-तीन दिवससुद्धा निघायचे नाहीत. वऱ्हाडात माणूस उपाशी मरत नाही लेका, तो उन्हाने मरतो. तुझी पुस्तकं दमट जंगलांत लिहिलेली आहेत."

"मग शिंदीचा काहीच उपयोग नाही?"

"आहे ना. ती पाण्याची खूण आहे."

हे मला मनापासून सांगायचं होतं. आमच्या काळ्या मातीच्या सपाटीवर मे महिन्यात उभं राहून क्षितिजाकडे पाहिलं, तर नाला दिसत नाही, शिंदीची ओळ दिसते. जिथे तिची गर्दी आहे तिथे जमिनीखाली ओल बरेच दिवस टिकते. पात्र वरून कोरडं असलं, तरी जिथे नाला वळण घेतो तिथे वळणाच्या बाहेरच्या कडेला, जिथे पाण्याने तळ खोल खरवडलेला असतो, तिथे रेतीत झिरा खोदून पाहावा. ओल लागली तर थांबावं, पाणी झिरपू द्यावं. नाही लागली तर घाम गाळत बसू नये, सावलीला जावं. शिंदी आहे म्हणजे पाणी हाताला लागेलच असं नाही, पण कोरड्या रानात कुठल्या दिशेला पावलं टाकायची ते ती सांगते. तिच्यावर एकही घाव न घालता.

आणखी एक गोष्ट कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. आमचा नाला कपाशीच्या शिवारातून येतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, ते साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. पाणी उकळलं की जंतू मरतात, फवारणीचं औषध जात नाही. झिऱ्याचं पाणी प्यायच्या आधी वरच्या अंगाला कुणाचं शेत आहे आणि तिथे काय फवारलंय, हे विचारायला हवं. म्हणजे आमच्या रानात जगायचं तर पहिली ओळख शेतकऱ्याशी हवी, झाडाशी नंतर.

भाचा ऐकून घेणारा आहे, पण सोडणारा नाही. "२०२३ साली कोलंबियात विमान पडलं," तो म्हणाला. "आई गेली, वैमानिक गेला. चार भावंडं अॅमेझॉनच्या जंगलात ४० दिवस जगली. थोरली बहीण १३ वर्षांची, धाकटं मूल वर्षाचंसुद्धा नव्हतं. विमानातलं कसाव्याचं पीठ संपल्यावर रानातली फळं खाल्ली त्यांनी, आणि त्यात पामची फळं होती. हे ज्ञान नसतं तर ती चौघं आज असती का?"

उदाहरण चांगलं आहे आणि मला ते मान्य आहे. पण ती मुलं हुइतोतो जमातीची. कुठलं फळ खायचं नि कुठलं नाही, हे त्या पोरीला आजीकडून आलेलं होतं, वर्षानुवर्षं सोबत फिरून आलेलं. ते तीन दिवसांच्या शिबिरात कुणाला देता येत नाही. मी त्याला उलट १९७१ ची गोष्ट सांगितली. पेरूमध्ये विजेच्या तडाख्याने विमान फुटलं आणि १७ वर्षांची युलियाने कोएप्के आसनासकट जंगलात कोसळली. आईबाप दोघेही प्राणिशास्त्रज्ञ, जंगलात वाढलेली मुलगी. तिने काय केलं? ओळखीचं काही दिसेना, म्हणून अनोळखी काही खाल्लं नाही. सापडलेल्या गोळ्या चघळल्या, झरा धरला आणि पाण्याबरोबर खाली खाली चालत राहिली. ११ दिवसांनी माणसं भेटली. झाडांची खरी जाण असलेल्या माणसाला कुठे हात लावायचा नाही तेही माहीत असतं.

"कुठलाच पाम विषारी नसतो" असं एक वाक्य रानात जगायला शिकवणाऱ्या मंडळींत फिरतं. ते धोक्याचं आहे. सह्याद्रीतल्या भेरली माडाच्या फळाच्या गरात सुईसारखे स्फटिक असतात. तोंडाची, घशाची आग होते, हातालासुद्धा खाज सुटते. त्याच झाडाच्या झावळीच्या बुडाशी असलेली भुरकट लव मात्र चकमकीची ठिणगी धरायला उत्तम, जुने लोक ती मुद्दाम जपून ठेवत. एकाच झाडाचा एक भाग कामाचा, दुसरा त्रासाचा. नुसत्या चित्रावरून हे कसं कळणार?

रसाच्या बाबतीत मी जास्त कडक झालो. शिंदी छेदणं ही मोठी कारागिरी आहे. शेंड्याखालची एका बाजूची साल तासतात, खाच पाडून रस मडक्यात घेतात, दुसऱ्या वर्षी दुसरी बाजू. जुन्या झाडाच्या खोडावर त्या खाचा डावीउजवीकडे चढत गेलेल्या दिसतात. छेद खोल गेला तर कोंबालाच इजा. हंगाम थंडीचा, मे महिन्यात तिथे काही नसतं. पहाटेचा रस गोड असतो, ऊन चढलं की आंबायला लागतो, म्हणून नीरेच्या मडक्याला आतून चुना लावतात. शिवाय राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून हे करता येत नाही, आणि नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, तिथे तर पूर्ण दारूबंदी. एवढं सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. बांगलादेशात हिवाळ्यात लोक याच झाडाचा कच्चा रस पितात. रात्री वटवाघळं मडक्याशी येतात, रस चाटतात, त्यात घाण पडते. निपाह विषाणूच्या तिथल्या अनेक साथींचा माग या कच्च्या रसापर्यंत लागलेला आहे. आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्येही निपाहची प्रतिपिंडं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळली होती. महाराष्ट्रात रसातून साथ आलेली नाही, पण वीस पोरांच्या ओंजळीत उघड्या मडक्यातला रस ओतायचा अधिकार कुणाला आहे?

"रस सोडला," भाचा म्हणाला. "विस्तवाचं काय?"

"रानात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या हिशेबी आगीचा हंगाम. वाळलेली झावळ पेटते तशी दुसरी कुठलीच गोष्ट पेटत नाही. क्षणात भडका, आणि ठिणग्या वाऱ्यावर. राखीव जंगलात विस्तव करणं हा गुन्हाच आहे. मे महिन्यात तुला काडी ओढू देणार नाही."

तोही सोडला. पण मग तो जे बोलला त्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

"मामा, तुम्ही हे कापू नका, ते पेटवू नका म्हणता. आणि झाड तरी राहतंय का? बांधावरची शिंदी शेतकरी दरवर्षी जाळतो, कारण काटे बैलाला, माणसाला लागतात आणि धुऱ्यावर जागा जाते. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत नाले खोल झाले, रुंद झाले, तेव्हा जेसीबीने काठावरची शिंदी मुळासकट उपटली, त्याची कुणी नोंद ठेवली का? घरात प्लास्टिकचा झाडू आला. चटई नायलॉनची आली. ज्याचा वापर संपला ते झाड लोक ठेवत नाहीत. माझी पोरं निदान त्याला हात लावतील. घरी जाऊन चार जणांना सांगतील."

हे बोलणं मला टाळता येत नाही, कारण आमच्या या पट्ट्याच्या इतिहासातच त्याचा दाखला आहे. दांडीनंतर १९३० साली गांधींनी गुजरातेत ताडीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम दिला. सुरत जिल्ह्यात खजुरीची, म्हणजे आपल्या शिंदीचीच, झाडं पडली. झाड म्हणजे दारू, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं ठाणं वर्ध्याची मगनवाडी, आमच्यापासून रेल्वेने पुलगाव ओलांडलं की पुढे. जे. सी. कुमारप्पांनी तिथे गावच्या वस्तूंचा विचार केला, त्यात ताडगूळ होता. गजानन नाईकांनी तर त्या कामाला आयुष्य दिलं. तेच झाड, तोच रस, पण आता पहाटेचा, आणि कढईत आटवून त्याचा गूळ. ज्या झाडावर कुऱ्हाड चालवायला सांगितलं होतं त्याला काही वर्षांत राखायला सांगितलं गेलं, कारण त्याचा दुसरा उपयोग सापडला. पुढे 'आरोग्याची किल्ली' लिहिताना गांधींनी नीरेवर सविस्तर लिहिलं. म्हणून वापर संपला की झाड संपतं, या भाच्याच्या म्हणण्याच्या बाजूने मीच साक्ष देतो. माझं भांडण वापराशी नाही. वापर कुणाच्या हातचा आणि किती, याच्याशी आहे.

म्हणून त्याला जुन्या धामणगावात फडे करणाऱ्या एका मावशीकडे नेलं. वऱ्हाडात झाडूला फडा म्हणतात, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवा फडा लागतो. वर्षभर प्लास्टिकने झाडणारं घरसुद्धा त्या दिवशी शिंदीचाच आणतं. मावशीच्या घरासमोर पाती उन्हात पसरलेली होती. हिरवी पाती लगेच विणायची नाहीत, हे भाच्याला तिथे कळलं. ओल्या पात्याची चटई वाळल्यावर ढिली पडते, दोरी सैल होते. आधी वाळवायचं, मग कामापुरतं पाणी शिंपडून मऊ करायचं. खिळे ठोकलेल्या फळीवरून मावशीने मूठभर पाती ओढली. एक पातं, पण दुसऱ्या टोकाला त्याचे बारीक धागे झालेले. मग त्याच पात्याची एक पट्टी अंगठ्याच्या नखाने चिरली, दोन वेढे दिले, टोक आत खुपसलं. गाठ दिसतही नव्हती. भाच्याने तेच करून पाहिलं, तर पट्टी मध्येच तुटली.

"मावशी, झाडाच्या किती झावळ्या कापता?" त्याने विचारलं.

"मंदातला कोंब अन् त्याच्या भवतालच्या कवळ्या झावळ्यायले हात लावा लागत नाही. खालच्या घ्या लागते," मावशी म्हणाली. "झाड बोडखं केलं त पुढच्या साली मले काय भेटन? अन् पावसायात त कापाचंच नाही. सुगरनीचे खोपे रायते टोकाले."

"आणि काटा मोडला तर?"

"तवाच काढा लागते. राह्यला त सांधा सुजते, मयना मयना ठणकते."

डॉक्टरही हेच सांगतात. शिंदी-खजुराच्या काट्याचं टोक सांध्यात राहिलं तर सूज जात नाही, आणि तो काटा साध्या एक्स-रेमध्ये दिसतही नाही. गावाबाहेर, दवाखान्यापासून लांब, गुडघ्यात किंवा बोटाच्या पेरात मोडलेला काटा हा भुकेपेक्षा मोठा धोका आहे. भाच्याच्या पुस्तकातल्या पामच्या प्रकरणात त्यावर काही नव्हतं.

मग मावशीने त्याला विचारलं, "तुमी पोरं येसान, कापसान, फोटो काढसान अन् जासान. मंग मी कुठी जाऊ?"

भाचा गप्प झाला नाही, ते मला आवडलं. "तुम्हीच शिकवा ना मावशी. मी पैसे देईन."

"रोज किती देता?"

त्याने आकडा सांगितला. मावशीने तो नाकारला. कपाशी वेचायला गेलं तर हंगामात एवढे मिळतात, इथे वीस जणांना शिकवायचं, वर स्वतःची पाती द्यायची. तिचा हिशेब बरोबर होता. आम्ही रानातल्या कौशल्यांना वारसा म्हणतो, त्यांच्यावर भाषणं करतो, आणि ज्या हातांत ती आहेत त्यांना मजुरीसुद्धा बाजारभावाने देत नाही. फडे, दोर, टोपल्या करणाऱ्या समाजांना गावाने वेशीबाहेर ठेवलं आणि त्यांच्या कामाला हलकं मानलं. आता तेच काम शहरातून नवं इंग्रजी नाव घेऊन, महागड्या सुरीसकट परत येत असेल, तर पहिली फी त्यांच्या हातात पडली पाहिजे. यात मला कुठलीही तडजोड दिसत नाही.

परत येताना भाच्याने मेळघाटाचा विषय काढला. चिखलदऱ्याच्या खाली एक रात्र काढायची होती त्याला. १९७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे पान तोडायचं नाही, आणि आसपासच्या जंगलातल्या गौण वनोपजावर २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्यांचा हक्क मानलेला आहे. छंदासाठी आलेल्यांचा नाही. तिथला कोरकू आदिवासी माणूस बरोबर नसेल तर तिकडे पाऊल टाकू नकोस, असं मी त्याला सांगितलं. त्यावर वाद झाला नाही.

"समजा, इथेच कुणी चुकलं," तो म्हणाला. "दुपार आहे, पाण्याची बाटली रिकामी आहे. मग शिंदीचं काय करायचं ते नीट सांगा, मी पोरांना लिहून देतो."

"तिच्या सावलीत बसायचं. सावली विरळ असेल तर खाली पडलेल्या वाळक्या झावळ्या डोक्यावर आडव्या टाकायच्या, पण आधी काठीने उलटवून बघायचं, खाली विंचू, साप असतो. डोकं, मान झाकायची. बोलायचं कमी. ऊन कललं की नाला धरून खाली चालायचं. आमच्याकडे नाला वर्धेला मिळायच्या आत गाव लागतंच. आणि हो, कुऱ्हाड घरी ठेवून यायचं."

शिबिर आता मे महिन्यात नाही, दिवाळीनंतर आहे. पाती मावशी आणणार, विळा फक्त तिच्या हातात राहणार, आणि रोज तिने सांगितला तेवढाच. पोरांना पहिल्या दिवशी खाली पडलेल्या झावळ्याच मिळणार. भाच्याने पत्रक लिहून पाठवलं आहे. त्यात 'अडचणीच्या वेळी शेंड्याचा गाभा खाता येतो' हे वाक्य तसंच आहे. मी ते खोडलं, त्याने परत घातलं. त्याचं म्हणणं, खरी माहिती लपवू नये. माझं म्हणणं, लिहायचं तर पुढे हेही लिही की ते झाड पुन्हा फुटणार नाही, आणि ते कुणाचं होतं ते. आमचं अजून चालू आहे.